पेटी उघडताना मोबाईल चालू ठेवा

आंब्याच्या व्यवहारात तक्रार फळ कापल्यावर येते, आणि कापलेलं फळ परत पाठवता येत नाही. कपडा असता तर परत मागवून तपासला असता, मिक्सर असता तर कारागिराकडे नेला असता. हापूसची फोड दुसऱ्या दिवशी काळी पडते आणि कचऱ्यात जाते. मग उरतो तो गिऱ्हाइकाचा शब्द आणि आमचा शब्द. या दोन शब्दांमध्ये काहीतरी ठोस हवं होतं. ते आम्हाला मोबाईलच्या व्हिडिओत कसं सापडलं, ते सांगते. आता घरून माल पाठवणारे पुष्कळ झालेत, कुणाला उपयोग होईल.

आमची बाग रत्नागिरी तालुक्यात, पावस गावाच्या अंगाला. बाग सासरे आणि नवरा बघतात. ऑर्डर, पॅकिंग, हिशेब आणि तक्रारी माझ्याकडे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. चार दिवसांनी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी यायची, त्यात आडत, हमाली वजा करून आकडा असायचा, आणि आमच्या आंब्याचं पुढे काय झालं हे आम्हाला कधी कळायचं नाही. २०२०च्या टाळेबंदीत बाजाराचा भरवसा राहिला नाही, तेव्हा आसपासच्या अनेक बागायतदारांसारखे आम्हीही थेट पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांना पेट्या पाठवू लागलो. दर चांगला मिळाला, आमचं नाव थेट लोकांच्या स्वयंपाकघरात पोचलं. त्याच वाटेने तक्रारीही आल्या.

त्या साधारण चार तऱ्हेच्या असतात. नग कमी निघाले. फळं दबली किंवा कुजली. आंबा पिकलाच नाही. आणि चौथी, कोकणातला प्रत्येक बागायतदार जिला घाबरतो ती: बाहेरून सोन्यासारखा आंबा, आत साका, म्हणजे बिघडलेला गर.

पहिले दोन हंगाम लोक फोटो पाठवायचे. फोटोवरून काहीच ठरत नसे. कापलेल्या आंब्याचा जवळून काढलेला फोटो. आंबा कुठल्या पेटीतला, पेटी कधी उघडली, बाकीची फळं कशी होती, काही कळायला मार्ग नाही. मी विचारायला गेले की समोरच्याला वाटायचं, आपल्यावर संशय घेतायत. मी न विचारता पैसे परत केले तर बिघाड कुठे झाला ते अंधारातच राहायचं. कोथरूडच्या एका सोसायटीत एका ताईंनी ग्रुपवर दोन काळ्या फळांचा फोटो टाकला, "यंदा या लोकांकडून घेऊ नका" एवढंच लिहिलं, आणि त्या इमारतीतून आलेल्या ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या. अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, त्याचं फार लागलं. चाळीस वर्षं कलमं सांभाळलेला माणूस, त्याच्या फळाबद्दल एका ओळीत निकाल लागला होता.

वाट दाखवली ती नागपूरच्या एका निवृत्त शिक्षकांनी. त्यांनी न सांगता, स्वतःहून व्हिडिओ केला होता. आधी पेटीवरची चिठ्ठी दाखवली, मग चारही बाजू, मग झाकण उघडून एकेक फळ हातात घेऊन "हे चांगलं, हे दबलेलं" असं शांतपणे सांगत गेले. रागाचा एक शब्द नाही. तो व्हिडिओ नवऱ्याने मोठ्या पडद्यावर लावला आणि दोन मिनिटांत म्हणाला, "हा आपल्या पॅकिंगचा दोष नाही. खालचं गवत बघ, भिजलंय. आणि टेप आपली नाही." खरंच, आम्ही तपकिरी टेप लावतो, त्या पेटीच्या एका बाजूला पारदर्शक टेप होती. पेटी वाटेत भिजली होती, उकलली होती आणि पुन्हा चिकटवली होती. फोटोत यातलं काहीही दिसलं नसतं.

मी त्यांना पूर्ण पैसे परत पाठवले आणि वाहतूक कंपनीकडे गेले. तिथलं उत्तर ठरलेलं: "मॅडम, आमच्याकडे अशीच आली होती." आमच्या बाजूने पेटी कशी निघाली, हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. त्याच आठवड्यात पॅकिंगच्या खोपीत मोबाईलचा स्टँड बसवला.

हे काम ऐकायला सोपं आहे, करताना बारीकसारीक गोष्टी निघतात. पहिली गोष्ट उजेड. आमच्या खोपीत पिवळा बल्ब होता. त्या उजेडात कैरीसुद्धा पिकलेली दिसायची आणि डाग दिसायचेच नाहीत. पांढऱ्या एलईडीच्या दोन पट्ट्या लावल्यावर फळाचा खरा रंग उतरायला लागला. दुसरी गोष्ट, कॅमेरा कुठे असावा. बांधणीला गावातल्या बायका येतात. चेहरा दिसतोय म्हटल्यावर त्या अवघडल्या, आणि त्यांचं बरोबर होतं. परक्या शहरातल्या माणसाच्या मोबाईलमध्ये आपला चेहरा का जावा? मग मोबाईल वरून, सरळ खाली बघणारा लावला. हात, फळं, पेटी आणि वजनकाटा, एवढंच त्यात येतं.

एका पेटीचा व्हिडिओ अर्ध्या-पाऊण मिनिटाचा. आधी चिठ्ठी: ऑर्डर नंबर, तारीख, किती डझन आणि बागेचा कुठला भाग. मग फळं एका थरात मांडून मोजायची, आवाजात मोजायची. गवत, दुसरा थर, झाकण, टेप. टेपच्या सांध्यावर मार्करने ऑर्डर नंबर असा लिहायचा की अर्धा टेपवर आणि अर्धा पुठ्ठ्यावर येईल. कुणी पेटी उघडून परत लावली तर तो आकडा जुळत नाही. शेवटी काट्यावरचं वजन. मध्ये कुठेही थांबायचं नाही, तुकडे जोडायचे नाहीत. जिथे व्हिडिओ तुटतो तिथे समोरच्याच्या मनात प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रश्न रास्त असतो.

मग गिऱ्हाइकाला काय सांगायचं, हा खरा अवघड भाग. बाजारात बऱ्याच खोक्यांवर छापलेलं असतं: उघडतानाचा व्हिडिओ नसेल तर परतावा नाही. मला ही अट अन्यायाची वाटते. माल सदोष निघाला तर तो व्हिडिओ केल्याने किंवा न केल्याने सदोष होत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथाच धरली आहे. खोक्यावर शिक्का मारून ती जबाबदारी झटकता येईल असं मला वाटत नाही. म्हणून आम्ही अट घातली नाही, विनंती केली. पेटी निघाली की मेसेज जातो: "पेटी उघडताना मोबाईल चालू ठेवा. आधी चिठ्ठी आणि टेपवरचा आकडा दाखवा, मग झाकण उघडा. काही बिघडलेलं निघालं तर कुठे बिघडलं ते आम्हाला शोधता येईल. व्हिडिओ जमला नाही तरी तक्रार सांगा." शेवटचं वाक्य नवऱ्याला नको होतं. ते असल्यामुळेच लोक व्हिडिओ पाठवतात, असा माझा अनुभव आहे. ज्याच्यावर आधी विश्वास दाखवला तो माणूस सहकार्य करतो.

दादरच्या एका आजींनी मला झापलं होतं, "अगं, मी व्हिडिओ करत बसू की आंबे खाऊ?" त्यांच्यासारख्यांना मी सांगते, व्हिडिओ कॉल करा, मी बघते.

दोन्ही टोकांचे व्हिडिओ असले की भांडण कसं विरघळतं, याचा एक प्रसंग. ठाण्याच्या एका बाईंनी पाच डझनाचे पैसे भरले होते, पेटीत चारच डझन निघाले. आवाज चढलेला होता. आमचा व्हिडिओ मी काढून बघितला, त्यात पाच डझन स्वच्छ मोजलेले. तो त्यांच्या तोंडावर फेकायचा मोह झाला. पण मी आधी विचारलं, "ताई, तुमच्या पेटीच्या टेपवर कुठला आकडा आहे?" त्यांनी त्यांचा व्हिडिओ पुन्हा बघितला आणि आकडा वाचला. तो त्यांच्याच इमारतीतल्या दुसऱ्या घरचा होता. गेटवर पेट्यांची अदलाबदल झाली होती. दुसऱ्या घरी अजून पेटी उघडलीही नव्हती. मी व्हिडिओ पाठवून "आम्ही बरोबर" म्हटलं असतं, तर त्या खोट्या ठरल्या असत्या आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. तेव्हापासून माझा नियम झाला: आपला व्हिडिओ आधी स्वतः बघायचा, समोरच्याला प्रश्न विचारायचा, आणि गरज पडली तरच दाखवायचा.

आता साक्याबद्दल. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण व्हिडिओचा सर्वात मोठा फायदा आम्हाला इथे झाला.

साका म्हणजे फळाच्या आत, कोयीच्या बाजूला गर पांढरट, स्पंजासारखा होतो, पोकळी धरतो, चव आंबट लागते. साल, रंग, वास, सगळं वरून उत्तम. कापेपर्यंत कुणालाही कळत नाही, बागायतदारालाही नाही. काढलेलं फळ तापलेल्या जमिनीवर पडून राहिलं, जमिनीच्या धगीने खालच्या फांद्यांवरची फळं भाजली, की साका वाढतो, हे बागेत पूर्वीपासून माहीत आहे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पुढे दाखवलं की फळ झाडावर असतानाच आतली कोय रुजायला लागते आणि त्याचा साक्याशी संबंध आहे. म्हणजे फळ झाडावर जास्त ठेवलं की धोका वाढतो. सोळा आण्यांतलं चौदा आणे तयार झालं की काढावं, हा जुना हिशेब त्याला धरूनच आहे. साका होत नाही अशी 'रत्ना' जात दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून काढली, पण गिऱ्हाईक हापूसच मागतं.

साक्याचे पैसे आम्ही कुरकुर न करता परत करतो. तो गिऱ्हाइकाचा दोष नाही, वाहतुकीचा नाही, फळ आमच्या झाडाचं आहे. पण कापतानाचे व्हिडिओ येऊ लागले तशी मी एक वही केली. चिठ्ठीवर बागेचा भाग लिहिलेला असतोच. साक्याचा प्रत्येक व्हिडिओ कुठल्या भागातला, कुठल्या तारखेच्या तोडीचा, हे लिहीत गेले. हंगाम संपल्यावर वही अण्णांसमोर ठेवली. बहुतेक नोंदी वरच्या कातळावरच्या बागेतल्या, आणि त्याही मेच्या उत्तरार्धातल्या. अण्णा बराच वेळ वही बघत होते. मग म्हणाले, "दर वाढेल म्हणून तिथली तोड आपण लांबवतो. आणि दुपारी काढतो."

पुढच्या वर्षी कातळावरची तोड आधी धरली. सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, फळ देठासकट उतरवायचं, क्रेट सावलीत, जमिनीला फळ टेकू द्यायचं नाही. खालच्या फांद्यांखाली गवताचं आच्छादन घातलं. साका गेला असं मी म्हणणार नाही, तो हापूसमधून जात नाही. पण वहीतल्या नोंदी उतरल्या, आणि ज्या आल्या त्या आता एका भागात एकवटलेल्या नव्हत्या. वाशीच्या पट्टीवर हे कधीही कळलं नसतं. गिऱ्हाइकाच्या ओट्यावरचा व्हिडिओ थेट आमच्या कलमाखाली पोचला.

नावाचं रक्षण हा वेगळाच भाग आहे. एकदा ऑनलाइन नकाशावरच्या आमच्या पानावर एका ताऱ्याचा अभिप्राय आला, सोबत डागाळलेल्या फळांचा फोटो आणि "रत्नागिरीच्या नावाखाली फसवणूक" असं वाक्य. ऑर्डरींच्या यादीत ते नाव सापडेना. मी खाली दोनच ओळी लिहिल्या: त्रास झाला त्याबद्दल वाईट वाटतं, पेटीचा व्हिडिओ किंवा चिठ्ठीचा फोटो पाठवलात तर आजच बघते, आणि माझा नंबर. नवऱ्याचं म्हणणं होतं, आपले पॅकिंगचे व्हिडिओ सरळ लोकांसमोर टाकूया, दिसू दे सगळ्यांना. मी अडवलं. उघड वादात आपण जिंकलो तरी वाचणाऱ्याला दिसतो तो वादच. आणि गिऱ्हाइकाचे व्हिडिओ तर मी कधीच कुठे टाकणार नाही. त्यात त्यांचं घर असतं, मागे लेकराचा आवाज असतो. तो त्यांनी मला तक्रार सांगायला दिलेला असतो.

त्या गृहस्थांनी संध्याकाळी व्हिडिओ पाठवला. पेटी आमची होती, नाव छापलेलं. चिठ्ठी नव्हती, टेपवर आकडा नव्हता, आत गवताऐवजी वर्तमानपत्राचे कपटे होते. पुण्यात रस्त्याकडेच्या विक्रेत्याकडून त्यांनी ती घेतली होती. आमच्या रिकाम्या पेटीत कुणीतरी दुसरीकडचा आंबा भरला होता. मी आमच्या खऱ्या पेटीचा व्हिडिओ त्यांना पाठवला, काय फरक बघायचा ते सांगितलं. त्यांनी आपला अभिप्राय स्वतः बदलला आणि रिकाम्या पेट्यांबद्दल इतरांना सावध करणारं लिहिलं.

हे दुखणं एकट्या आमचं नाही. हापूसला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. तरी परप्रांतातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या पेट्यांत भरून विकला जातोच. देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने २०२५च्या हंगामात प्रत्येक फळावर वेगळ्या क्रमांकाचं स्टिकर लावायला सुरुवात केली, त्याचा फोटो पाठवून खातरजमा करता येते. मला तो मार्ग फार योग्य वाटतो. पेटी पुन्हा वापरता येते, फळावरचा क्रमांक पुन्हा वापरणं अवघड. आम्ही तूर्त एवढंच करतो, की पेटी रिकामी झाल्यावर नाव फाडून टाका, अशी विनंती चिठ्ठीवर छापतो.

वाहतूक कंपनीचं प्रकरण मात्र लांबलं. पुढच्या हंगामात पुन्हा पेट्या भिजून पोचल्या, पण आता आमच्याकडे निघतानाचा आणि पोचतानाचा असे दोन्ही व्हिडिओ होते. नात्यातले एक वकील आहेत, त्यांनी काही गोष्टी नीट समजावल्या. रस्त्याने माल नेणाऱ्यावर दावा करायचा तर २००७च्या कायद्याप्रमाणे बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. हंगामाच्या गडबडीत हा काळ भुर्रकन निघून जातो. दुसरं, व्हिडिओची मूळ फाईल जपायची. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाईलमधली मूळ माहिती गळते. म्हणून गिऱ्हाइकाला सांगायचं, मूळ व्हिडिओ मोबाईलमधून पुसू नका, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

त्यांनी जालन्याच्या निवडणूक खटल्याचं उदाहरण दिलं. अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यातला वाद २०१४च्या विधानसभा निवडणुकीतला, उमेदवारी अर्ज वेळेनंतर भरले गेले का हा प्रश्न, आणि पुराव्यात निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं चित्रीकरण. २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर कायद्यातलं प्रमाणपत्र हवं, मूळ उपकरणच हजर केलं तर त्याची गरज नाही. आता ती तरतूद १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३मध्ये आहे. ग्राहक आयोगात पुराव्याचे नियम इतके काटेकोर लावत नाहीत, पण व्यवस्थित ठेवलेल्या फाईलचं वजन वेगळं असतं. तक्रारीची मुदत दोन वर्षं, म्हणून आमचे सगळे व्हिडिओ ऑर्डर नंबराच्या नावाने दोन वर्षं हार्ड डिस्कवर राहतात.

गिऱ्हाइकांना मी हेही मोकळेपणाने सांगते, की आमच्याकडून समाधान झालं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर फोन करा. जिल्हा आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. असं सांगणारा विक्रेता पळून जाणारा नाही, एवढं लोकांना कळतं.

नोटीस गेल्यावर कंपनीने भिजलेल्या पेट्यांची भरपाई दिली, दबलेल्या फळांची नाकारली. पूर्ण न्याय झाला असं मला वाटत नाही. पण त्यांच्या गोदामात पेट्या उतरवतानाही आमचा माणूस व्हिडिओ करतो, याला त्यांनी मान्यता दिली, आणि आंब्याच्या पेट्यांवर दुसरा माल चढत नाही.

एका तक्रारीपुढे मात्र व्हिडिओ हतबल आहे: "आंबा पिकलाच नाही." फळ तयार झालंय का हे वासावर आणि देठाजवळच्या नरमपणावर कळतं, आणि या दोन्ही गोष्टी पडद्यावर येत नाहीत. सोनेरी दिसणारा आंबा आत आंबट असू शकतो, हिरवट झाक असलेला गोड लागू शकतो. लोक घाईने कापतात, किंवा कच्चाच फ्रीजमध्ये ठेवतात आणि मग तो पिकत नाही. तिथे बोलणं हाच उपाय. पेटी कुठे ठेवलीय, हवा खेळती आहे का, गवतात ठेवलाय की काढलाय, देठाशी अंगठा दाबला तर काय वाटतं, असं एकेक विचारत जावं लागतं. हंगामात सकाळी नऊ ते अकरा मी दुसरं काही काम घेत नाही, फोनच उचलते.